जर्मनीत राहायला आलात? मग वेळेचे हिशेब नव्यानं शिकून घ्या

मुंबईत ८:१७ची फास्ट पकडणारा माणूस ८:१८ला फलाटावर येत नाही. तोच माणूस संध्याकाळी साडेसातच्या रिसेप्शनला सव्वानऊला पोचतो आणि यजमानांना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तो साडेसातला पोचला असता, तर खुर्च्यांना कव्हरं घालणारी पोरंच त्याला भेटली असती. पत्रिकेत ११ वाजून ४३ मिनिटांचा मुहूर्त छापणारे आपणच आणि जेवणाची पंगत कधी बसणार हे कुणालाही नक्की न सांगणारेही आपणच.

त्यामुळे 'आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही' हे परदेशी गेल्यावर स्वतःलाच ऐकवायचं वाक्य मला पटत नाही. आपल्याकडे वेळेचे दोन हिशेब आहेत, लोकलचा आणि रिसेप्शनचा, आणि कुठं कोणता लावायचा ते कुणी न शिकवता कळतं. जर्मनीतही दोन्ही आहेत, फक्त वाटणी वेगळी आहे. आपण ज्या गोष्टी रिसेप्शनच्या हिशेबात धरतो त्यातल्या बऱ्याच इथं लोकलच्या हिशेबात जातात, आणि गंमत म्हणजे काही उलट्याही. स्वभाव बदलायची गरज नाही, वाटणी पाठ करायची आहे.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. पुण्या-चाकणच्या वाहन उद्योगामुळे बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या राज्यांत मराठी इंजिनिअर पूर्वीपासून येतात, आता नर्सिंग आणि तांत्रिक शिक्षण घेतलेली मुलंमुलीही येऊ लागली आहेत. पहिल्या वर्षात त्यांचं घोडं जिथं जिथं अडतं, त्या क्रमानं पुढच्या पायऱ्या लावल्या आहेत.

पायरी १ : आधी घड्याळ ऐकायला शिका

लिहिताना सगळीकडे २४ तासांचं घड्याळ. १४:३० म्हणजे दुपारचे अडीच. दोन दिवसांत सवय होते. फसगत होते ती बोलण्यात. 'हाल्ब द्राय' ऐकून इंग्रजीच्या सवयीनं माणूस साडेतीन समजतो आणि तासभर उशिरा पोचतो. हाल्ब द्राय म्हणजे अडीच. तिसऱ्याचा अर्धा झालाय, असा तो हिशेब. आपला 'अडीच' हा शब्दही संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आला, म्हणजे तोही तिसऱ्याचा अर्धाच. इंग्रजी मध्ये न आणता थेट मराठीतून ऐकलंत तर चूक होणार नाही: हाल्ब द्राय अडीच, हाल्ब त्स्वाय दीड.

पूर्व जर्मनीत आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागात 'फिअर्टल द्राय' असंही म्हणतात. ते सव्वादोन, सव्वातीन नव्हे. 'द्रायफिअर्टल द्राय' पावणेतीन. हे जर्मनीतल्याच इतर भागांतल्या लोकांना कळत नाही, तेव्हा तुम्ही परत विचारलंत तर कुणी हसणार नाही. सरळ विचारा, "म्हणजे चौदा पंधरा ना?"

आणखी दोन गोष्टी. ऑफिसात तारखांऐवजी आठवड्याचा क्रमांक बोलतात: 'का-वे २३मध्ये डिलिव्हरी'. वर्षातला तेविसावा आठवडा. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचे क्रमांक दाखवायची सोय असते, ती आजच चालू करा. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. बऱ्याच जुन्या विद्यापीठांत वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलेलं असतं. १० सी. टी. म्हणजे तास सव्वादहाला सुरू. 'एस. टी.' असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या लाल एसटीच्या अनुभवावरून या एस. टी.चा अंदाज बांधू नका.

पायरी २ : टर्मिन घ्यायची सवय लावा

टर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. बँक, डॉक्टर, केस कापणं, नगरपालिका, घर बघणं, सगळं टर्मिनवर चालतं. 'जाऊन बसू, नंबर लागेल' हा उपाय फार थोड्या ठिकाणी चालतो.

पहिलं टर्मिन पत्त्याच्या नोंदणीचं, म्हणजे आन्मेल्डुंगचं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असा कायदा आहे. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांतली तारीखच मिळत नाही, अशी तक्रार सगळे करतात. तेव्हा घराचा पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी, जमल्यास भारतातूनच, वेळ घेऊन ठेवा. मिळेल ती पहिली तारीख घ्या आणि तिची पावती जपून ठेवा, म्हणजे आपण टाळाटाळ केली नाही हे दाखवता येतं. रद्द झालेल्या वेळा संकेतस्थळावर परत दिसू लागतात, सकाळी लवकर बघितलं तर बऱ्याचदा मिळतात. जाताना घरमालकाचं सहीचं पत्र न्या. ते नसलं तर टर्मिन फुकट जातं आणि पुन्हा पहिल्यापासून.

व्हिसाची मुदत संपत असेल तर अर्ज मुदतीच्या आत पोचला पाहिजे. मुलाखतीची तारीख नंतरची मिळाली तरी चालेल, अर्ज उशिरा चालणार नाही. कॅलेंडरमध्ये मुदतीचा दिवस लिहू नका, त्याच्या तीन महिने आधीचा लिहा.

डॉक्टरांकडे आजारी पडल्यावर जाता येतं, पण आधी फोन करून. त्वचा, डोळे, हृदय अशा तज्ज्ञांची तारीख आठवड्यांनी, कधी महिन्यांनी मिळते. ११६११७ या नंबरवर तज्ज्ञांची वेळ मिळवून द्यायला मदत करतात आणि दवाखाने बंद असताना कुठं जायचं तेही सांगतात. जिवावर बेतलं असेल तर ११२. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद असतात, तेव्हा 'शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की दाखवून येऊ' हा विचार सोडा. जमणार नसेल तर निदान २४ तास आधी रद्द करा, नाहीतर काही ठिकाणी न गेलेल्या वेळेचंही बिल घरी येतं.

पायरी ३ : ऑफिसात 'हो' जपून म्हणा

ऑफिसला वेळेवर जाणं ही यातली सोपी गोष्ट आहे. ती कुणालाही जमते. बऱ्याच कंपन्यांत ग्लाइटत्साइट असतो, म्हणजे ठरावीक मधल्या तासांत हजर राहा, मागे-पुढे तुमच्या सोयीनं. खरी गोची दुसरीकडे आहे.

सोमवारची सकाळ. टीम लीड विचारते, "शुक्रवारपर्यंत होईल का?" नुकताच आलेला आपला मुलगा म्हणतो, "हो, प्रयत्न करतो." हे वाक्य पुण्यात बोललं असतं तर ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात पुढचा मंगळवार धरला असता, बुधवारी जाता जाता 'काय रे, कुठवर आलं?' विचारलं असतं आणि गुरुवारी दोघंही उशिरापर्यंत थांबले असते. इथं टीम लीडनं फक्त 'हो' ऐकलं. तिनं शुक्रवार लिहून घेतला, दुपारी ग्राहकाला शुक्रवार कळवला, आणि आठवडाभर एकदाही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे तिला घाई नाही, असा अर्थ आपल्या मुलानं काढला. शुक्रवारी दुपारी दोनला तो सांगतो, "थोडं राहिलंय." तोपर्यंत तीन माणसांचं नियोजन कोसळलेलं असतं.

काम उशिरा झाल्याचा राग तितका नसतो. पाच दिवस माहीत असून सांगितलं नाही, याचा असतो. आपण भिडेपोटी हो म्हणतो, समोरच्याचा शब्द मोडायला नको म्हणून. इथं ती भीड कुणाच्या लक्षातच येत नाही, लक्षात येते ती फक्त वेळ मारून नेलेली.

तेव्हा उत्तराची पद्धत बदला. "शुक्रवारी जमणार नाही, मंगळवारी दुपारपर्यंत देतो" असं पहिल्याच बैठकीत सांगितलंत तर बहुधा कुणी कपाळाला आठी घालत नाही. तारीख सांगता येत नसेल तर तेही तारखेसकट सांगा: "डेटा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्या ११ वाजता नक्की तारीख कळवतो." आणि मग उद्या ११ वाजता खरंच कळवा. मध्येच लक्षात आलं की हे काम लांबणार, तर त्याच तासाला दोन ओळींची मेल टाका: काय अडलं, नवी तारीख कोणती, तोवर काय देऊ शकतो. रात्रभर बसून पुरं करू आणि कुणाला कळूच देणार नाही, हा बाणा सोडून द्या. इथं त्याचं कौतुक होत नाही. उलट कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

कारण कामाच्या तासांचा कायदा आहे आणि तो बरेच जण गांभीर्यानं घेतात. साधारण दिवसाला ८ तास. १० तासांपर्यंत ताणता येतं, पण पुढच्या काही महिन्यांत सरासरी परत ८ वर आली पाहिजे. ६ तासांपेक्षा जास्त काम असेल तर ३० मिनिटं विश्रांती, ९ तासांपेक्षा जास्त असेल तर ४५. आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची सुट्टी. रात्री ११ पर्यंत बसलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी १०च्या आधी सुरू करता येत नाही. काही क्षेत्रांना आणि करारांना वेगळे नियम आहेत, तुमचा करार वाचा.

काम संपल्यानंतरच्या वेळेला फायरआबेंड म्हणतात आणि ती खासगी मालमत्ता आहे. सहकाऱ्याला रात्री आठला 'एकच छोटी शंका' म्हणून फोन करू नका, मेल लिहा आणि सकाळी जाऊ द्या. साहेब बसलेत म्हणून आपणही बसायचं, ही प्रथा नाही. पाच वाजता लॅपटॉप मिटून 'श्योनन फायरआबेंड' म्हणून निघणारा माणूस कामचुकार समजला जात नाही.

बैठकीचंही थोडं सांगतो. १० म्हणजे १०. दहाला दोन मिनिटं असताना बसलेले असा. पहिली पाच मिनिटं चहा, घरचं कसं काय, असं चालत नाही, गप्पा हव्या असतील तर त्या जेवणाच्या सुट्टीत. ती सुट्टी साडेअकरालाच सुरू होते, याचा धक्का पचवायला मात्र वेळ लागतो. साडेअकराला आपला नाश्ता उतरलेला नसतो. तरी जा, कारण ओळखी तिथंच होतात.

आजारी पडलात तर काम सुरू व्हायच्या आधी कळवा, दुपारी नाही. आजारपण तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर चौथ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला लागतो, पण कंपनी तो पहिल्या दिवसापासूनही मागू शकते. सरकारी आरोग्य विमा असेल तर २०२३पासून दाखला डॉक्टरांकडून परस्पर ऑनलाइन जातो. तुम्ही मात्र स्वतः कळवायचंच.

पायरी ४ : उशीर होणार असेल तर

उशीर सगळ्यांना होतो, जर्मनांनाही. त्याचा शिष्टाचार आहे आणि तो एका निरोपात मावतो. निरोप ठरलेल्या वेळेच्या आधी गेला पाहिजे आणि त्यात मिनिटं पाहिजेत. 'इश कोमं त्सेन मिनूटन श्पेटर', दहा मिनिटं उशिरा येतोय, इतकं पुरे. 'पोचतोच आहे', 'रस्त्यात आहे', 'पाच मिनिटांत' हे आपले निरोप इथं माहितीच देत नाहीत. दहा म्हणून सांगितलं आणि वीस लागणार असतील, तर दुसरा निरोप पाठवा. मनानं पंधरा धरून वीस सांगितलेले बरे.

कारणांची लांबण लावू नका. ट्रॅफिक, पाहुणे, पाऊस, हे ऐकायला कुणी थांबत नाही. 'माफ करा' आणि थेट कामाला सुरुवात.

पाच मिनिटांच्या उशिरालाही कळवायचं का? कामाच्या भेटीला हो. मित्राच्या भेटीला कॅफेत पाच मिनिटं चालतात, दहापासून पुढे निरोप. पाळणाघरातून मूल आणायला एकही मिनिट चालत नाही. तिथल्या ताईंची ड्युटी संपलेली असते आणि त्या मुलाला घेऊन तुमची वाट बघत बसलेल्या असतात. ऑफिस आणि पाळणाघर यांच्यात बस बदलायची असेल, तर सुरुवातीलाच एखाद्या मित्राचं किंवा शेजारणीचं नाव 'मूल नेऊ शकणारी व्यक्ती' म्हणून लिहून द्या.

पायरी ५ : रेल्वेवर विसंबून वेळ देऊ नका

इथं बऱ्याच जणांचा भ्रमनिरास होतो. जर्मन रेल्वे म्हणजे घड्याळ लावून घ्यावं, अशी ख्याती ऐकून आलेलो असतो. डॉइचे बान ६ मिनिटांपेक्षा कमी उशीर असलेल्या गाडीला वेळेवर धरते, आणि तरीसुद्धा २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या. पश्चिम रेल्वेनं ये-जा केलेला माणूस हसेल.

पण रेल्वेला उशीर झाला म्हणून तुमच्या टर्मिनला सूट मिळत नाही. सरकारी कचेरी, मुलाखत, विमान यांच्यासाठी एक गाडी आधीची पकडा. मध्ये गाडी बदलायची असेल आणि वेळ दहा मिनिटांपेक्षा कमी असेल, तर दोन गाड्या आधीची. मुक्कामी २० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट असूनही दुसऱ्या गाडीनं जाता येतं. पोचायला ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के आणि १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात. ॲपमधून अर्ज करता येतो. कंटाळा करू नका, पैसे खरंच येतात.

पायरी ६ : घरी बोलावलं तर

सात वाजता जेवायला बोलावलं आहे. किती वाजता बेल वाजवाल? साडेसात अर्थातच चुकलं. पावणेसातही तितकंच चुकलं, आणि नवे लोक धसका घेऊन नेमकं हेच करतात. यजमान तेव्हा न्हाणीघरात असतात किंवा ओव्हनशी झगडत असतात. सात ते सात-पाच, ही खिडकी. लवकर पोचलात तर कोपऱ्यावर एक चक्कर मारून या, थंडीतसुद्धा. निमंत्रणात 'आब १९ उअर', म्हणजे १९ वाजल्यापासून, असं असेल तर ती पार्टी आहे आणि अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालतो. हा त्यांचा रिसेप्शनचा हिशेब. तो 'आब' नीट वाचा.

रविवारी दुपारी तीन-चारला कॉफी आणि केकला बोलावलं तर ते जेवणाचं आमंत्रण नाही. सहापर्यंत निघायचं. निघायची वेळ झाली की यजमान मांडीवर हात आपटून 'झो!' म्हणतात. आपल्याकडे या क्षणी 'अहो बसा हो, काय घाई आहे' सुरू होतं. इथं 'झो' म्हणजे झालं. उठा, आभार माना, निघा. दारात पुन्हा अर्धा तास उभं राहून बोलणं फक्त आपल्याच लोकांकडे.

भेट ठरवताना 'एकदा या ना घरी' हवेत सोडून देऊ नका. जर्मन मित्र लगेच मोबाईल काढून विचारेल, "कधी?" तीन आठवड्यांनंतरचा शनिवार निघाला तर त्याला तुमच्यात रस नाही असं समजू नका, त्यानं तो शनिवार तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. न कळवता शेजाऱ्याचं दार वाजवणं, 'सहज आलो होतो इकडे', हे फार जवळच्या लोकांतच. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मात्र सगळे जुने हिशेब परत येतात. चारचा गणपतीचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू होतो, कुणाला आश्चर्य वाटत नाही. पण हॉल जर्मनांचा आहे. रात्री १० म्हणजे खुर्च्या रचून, फरशी पुसून, किल्ली देऊन १०. आयोजकांत असाल तर आरतीच्या वेळेपेक्षा आवराआवरीची वेळ आधी ठरवा आणि त्यासाठी माणसं नावानिशी नेमा.

पायरी ७ : रविवार आणि शांततेचे तास

रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट, मॉल, हार्डवेअर, सगळं. बेकऱ्या सकाळी काही तास, पेट्रोल पंप आणि मोठ्या स्टेशनांवरची दुकानं उघडी. बव्हेरियात इतर दिवशीही दुकानं रात्री ८ला बंद होतात, इतर बऱ्याच राज्यांत १० किंवा पुढेही चालू असतात. किराणा शनिवारी दुपारपर्यंत भरा. २४ डिसेंबरला दुकानं दुपारीच मिटतात आणि पुढचे दोन दिवस सुट्टी, त्याला रविवार जोडून आला तर दूध-भाज्यांचा नीट विचार करा.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी दिवसभर. भिंतीला ड्रिल, गवत कापायचं यंत्र नाही. काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकायलासुद्धा नाही, कारण खळखळाट होतो. डब्यावर वेळा लिहिलेल्या असतात. इडलीचं पीठ वाटायचा मिक्सर शनिवारी संध्याकाळीच उरकून घ्या. 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' अशी पाटी वाचत मोठा झालेला पुणेकर हे सगळ्यात लवकर शिकतो.

श्टुटगार्टकडे राहत असाल तर एके दिवशी दाराच्या मुठीला 'केअरवोखं' अशी पाटी लटकलेली दिसेल. या आठवड्यात इमारतीचा जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसा, शेजारच्या आजींचं लक्ष असतं.

पायरी ८ : वर्षाचं कॅलेंडर जानेवारीत भरा

भारतात सुट्टी ऐनवेळी मागता येते, भावाचं लग्न ठरलं म्हटलं की साहेब सोडतो. इथं वर्षाच्या सुरुवातीलाच टीमच्या सुट्ट्या मांडल्या जातात. कायद्यानं पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस मिळतात, बऱ्याच कंपन्या ३०च्या आसपास देतात. भारतवारीसाठी सलग चार आठवडे हवे असतील तर जानेवारीतच मागा, तुमच्या बदली काम कोण सांभाळणार ते नाव घेऊनच. मुलांचे आई-बाप असलेले सहकारी शाळेच्या सुट्टीवर आधी हक्क सांगतात.

शाळेची गोष्ट गंभीर आहे. मूल शाळेत असेल तर सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीचं स्वस्त तिकीट काढता येत नाही. शाळेत हजेरी सक्तीची आहे आणि परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो. २०१८मध्ये बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर अशा कुटुंबांना हटकल्याच्या बातम्या गाजल्या होत्या. घरचं कार्य असेल तर शाळेला लेखी अर्ज करून आधी परवानगी घ्या.

घर सोडायचं असेल तर भाडेकरूला सहसा तीन महिन्यांची मुदत, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोचलं तरच त्या महिन्यापासून मोजतात. ३१ जुलैला घर सोडायचं, तर सही केलेलं कागदी पत्र मेच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात हवं. ईमेल चालत नाही. १ मेला इथंही सुट्टी असते, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट न बघता एप्रिलमध्येच रजिस्टर पोस्टानं पाठवा. एक दिवस चुकला तर एका महिन्याचं भाडं जास्तीचं.

पायरी ९ : घरची वेळ, पंचांगाची वेळ

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. जर्मन कॅलेंडरमध्ये १०ला लावलेली बैठक पुण्यातल्या टीमला उन्हाळ्यात दीडला पडते आणि हिवाळ्यात अडीचला. दोन्हीकडच्या लोकांबरोबर काम करत असाल, तर बदलाच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना नव्या वेळा पाठवा. हे काम तुमच्याशिवाय कुणाला सुचणार नाही.

आई-बाबांशी बोलायची वेळ ठरवून टाका. इथली रविवारची उशिराची सकाळ म्हणजे त्यांची वामकुक्षीची वेळ. इथं सकाळी नऊला फोन केलात तर उन्हाळ्यात तिथं साडेबारा, हिवाळ्यात दीड, जेवणाआधी-नंतर निवांत बोलणं होतं. त्यांना भिंतीवर दुसरं घड्याळ लावून द्या, म्हणजे त्यांचे रात्री बाराचे वाढदिवसाचे फोन इथं आदल्या संध्याकाळी साडेसात-साडेआठला येतात याचं कोडं सुटेल.

सण आणि उपास करणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतात छापलेल्या पंचांगातल्या वेळा इथं लागू नाहीत. सूर्योदय, चंद्रोदय वेगळे, त्यामुळे तिथीही कधीकधी एक दिवस इकडेतिकडे होते. पंचांगाच्या ॲपमध्ये आपलं शहर निवडा. जूनमधल्या संकष्टीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, उपास सोडायला जेवण गरम ठेवायचं की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला उठायचं, हे आधीच ठरवा. आमच्या ओळखीत बऱ्याच घरांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून भारतातल्या चंद्रोदयावर सोडायचा तोडगा काढला आहे, आणि वडीलधाऱ्यांची त्याला हरकत नसते असा अनुभव आहे.

डिसेंबरात साडेचारलाच तिन्हीसांजा होतात, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड. लहान मुलं उजेडात झोपत नाहीत, खिडकीचे रोलर पडदे खाली ओढा आणि घड्याळ बघून झोपवा. हिवाळ्यात दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं बाहेर चालून या, तेवढाच काय तो दिवस दिसतो.

पायरी १० : सुट्टीत गावी गेल्यावर

दोन-तीन वर्षांत इथले हिशेब अंगवळणी पडतात आणि मग अडचण उलटी होते. काका 'संध्याकाळी येतो' म्हणाले की तुम्ही विचारता, "किती वाजता?" काकांना ते टोचतं. त्यांच्या संध्याकाळीला पाच ते नऊ अशी जागा असते, ती राहू द्या.

भारतवारीचं वेळापत्रक जर्मन पद्धतीनं आखू नका. एका दिवसात बँक, आधार केंद्र, दाताचा डॉक्टर आणि आत्याकडे जेवण असं कधीच होत नाही. सरकारी आणि बँकेची कामं पहिल्या आठवड्यात घ्या, कारण दुसऱ्या फेरीची गरज लागतेच आणि तेव्हा हाताशी दिवस उरलेले असतात. नातेवाइकांना दिवस सांगा, तास सांगू नका. एका दिवशी एकच घर. ज्यांच्याकडे जाणं जमणार नाही, त्यांना निघायच्या आधी इथूनच फोन करून सांगून टाका. मुक्कामाच्या शेवटच्या दोन दिवसांत काहीच ठरवू नका, ते आपोआप भरतात. परतीच्या विमानाला मात्र मुंबईचं ट्रॅफिक धरून दोन तास जास्तीचे ठेवा, पुण्याहून निघणार असाल तर चार, आणि निरोप द्यायला आलेल्यांना निघायची वेळ खऱ्यापेक्षा एक तास आधीची सांगा.